चूचेला (१९८३): सहावीतल्या मुलीला दाखवावा का?

नीरजा_क

मंडळी, प्रश्न छोटा आहे, पण आधी थोडी गोष्ट सांगावी लागेल. गोष्ट शेवटापर्यंत फुटणार आहे, ज्यांना सिनेमा कोऱ्या मनाने बघायचाय त्यांनी इथूनच परत फिरा.

मोसफिल्म या जुन्या सोव्हिएत स्टुडिओने आपले बरेच जुने सिनेमे यूट्यूबवर फुकट ठेवलेत, खाली इंग्रजी सबटायटल्स असतात. त्यात 'चूचेला' म्हणजे 'बुजगावणं' सापडला. व्लादिमीर झेलेझ्निकोव यांची मुलांसाठीची गोष्ट, पुस्तक १९८१ चं. दिग्दर्शक रोलान बिकोव. दोन भागांत आहे, दोन तासांच्या थोडा वर.

लेना बेसोल्त्सेवा नावाची सहावीतली मुलगी आजोबांकडे एका लहानशा जुन्या गावात राहायला येते. लांबलचक हातपाय, तोंडावर कायम हसू, कोणी चिडवलं तरी हसणार. आजोबा गावात चक्रम म्हणून प्रसिद्ध. ठिगळं लावलेला कोट घालून हिंडतात आणि असेल नसेल तो पैसा आपल्या चित्रकार पूर्वजाची चित्रं जमवण्यात घालतात. म्हणून ते 'ठिगळ्या' आणि नात 'बुजगावणं'.

वर्गातली मुलं सुट्टीत मॉस्कोला जायचं म्हणून कामं करून पैसे साठवत असतात. एक दिवस सगळे तास बुडवून सिनेमाला पळतात. बाईंना कळतं, सहल रद्द होते. चहाडी कोणी केली? केलेली असते दीमाने. दीमा म्हणजे वर्गाचा हिरो आणि लेनाचा एकुलता एक मित्र. लेनाने ते ऐकलेलं असतं. तो कबूल करेल म्हणून ती वाट बघते, त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, तेव्हा त्याला वाचवायला ती म्हणते, "मी सांगितलं." आज ना उद्या हा बोलेल अशी तिची खात्री. तो बोलतच नाही. मग वर्गाचा बहिष्कार, गावभर पाठलाग, आणि शेवटी तिचाच फ्रॉक चढवलेलं बुजगावणं जाळतात. दीमा तिथे हजर असतो.

मुलगी सहावीत आहे. आत्ता दाखवावा की दोन वर्षं थांबावं?

दुसरं म्हणजे, टोळीची म्होरकी मिरोनोवा (वर्गात तिला 'लोखंडी बटण' म्हणतात) हिचा मला दीमाइतका राग आला नाही. तिला निदान आपण न्याय करतोय असं मनापासून वाटतं. तुमचं काय मत?

तिरसिंगराव

दाखवा. सहावीतली मुलं हे सगळं रोज बघतात, फक्त पडद्यावर बघत नाहीत.

खवट

सोव्हिएत सिनेमाचा धागा! आता कोणीतरी राज कपूर काढणार. मी चहा-खारी घेऊन बसतो.

बंड्या नं. २

राज कपूर.

(घे, काढला. खारी इकडे पाठव.)

पिंपळपान

रानडे इन्स्टिट्यूटला रशियन शिकत असताना हा सिनेमा पाहिला होता. भाषा समजायला सोपा पडेल म्हणून लावला होता, शाळकरी मुलांचे संवाद ना! मध्यंतरात चहाला कोणी उठलं नाही, यावरून काय ते समजा.

थोडी भर घालते. लेनाचं काम करणारी क्रिस्तिना ओर्बाकाइते ही आल्ला पुगाचोवाची मुलगी. पुगाचोवा म्हणजे तिकडची त्या काळातली सगळ्यात मोठी गायिका. क्रिस्तिनाचा जन्म १९७१ चा, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी खरोखर सहावीच्याच वयाची. आईच्या नावावर मिळालेली भूमिका म्हणायची सोय तिने ठेवलेली नाही. डोक्यावरचे सगळे केस काढून ती दीमाच्या वाढदिवसाला जाते आणि जळका फ्रॉक अंगावर घालून सगळ्यांसमोर उभी राहते, तो प्रसंग बघा. एवढ्या लहान वयात तो राग तिने आणला कुठून?

आजोबा झालेत युरी निकुलिन. मूळचा सर्कशीतला विदूषक, पुढे मॉस्कोच्या त्स्वेतनोय बुलवारवरच्या सर्कशीचा प्रमुख. सगळा देश त्याला बघून हसायचा आणि बिकोवने नेमका त्यालाच घेतला. इथे तो एकदाही हसवायला जात नाही. तार्कोव्स्कीच्या 'आंद्रेई रुब्ल्योव'मध्ये छळ होऊन मरणारा साधूही तोच, त्यामुळे बिकोवला त्याची ताकद ठाऊक असणार.

वर्गशिक्षिका मार्गारिता इवानोव्ना झालीय येलेना सानायेवा, बिकोवची बायको. 'बुरातिनो'मधली (१९७५, म्हणजे रशियन पिनोकियो) लबाड कोल्हीण तीच, आणि तिच्या बरोबरचा आंधळा असल्याचं सोंग घेणारा बोका खुद्द बिकोव. लहानपणी ज्या जोडीला बघून मुलं हसली, त्याच जोडीने त्यांना हा सिनेमा दाखवला.

सिनेमा आला तेव्हा गदारोळ झाला होता. लाल स्कार्फवाले पायोनियर (तिकडची शाळकरी मुलांची संघटना) असे दाखवतात का, आमची मुलं अशी नाहीत, असा आरडाओरडा मोठ्यांनी केला. मुलांनी मात्र बिकोवला पत्रांवर पत्रं लिहिली. १९८६ मध्ये त्याच सिनेमासाठी त्याला सोव्हिएत संघाचं राज्य पारितोषिक मिळालं. तोवर गोर्बाचोव सत्तेवर आले होते, वारं बदललं होतं.

अण्णा_सोलापूरकर

पिंपळपान, माहिती उत्तम. पण आरडाओरडा करणारे अगदीच चुकीचे होते असं मला वाटत नाही, स्पष्ट सांगतो.

आम्ही सोव्हिएत पुस्तकांवर वाढलो. सोलापुरात प्रदर्शन लागलं की शाळेतून थेट तिकडे. जाड गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, आणि किंमत इतकी कमी की वडील कुरकुर न करता पैसे द्यायचे. त्या पुस्तकांतली मुलं भांडायची, खोड्या काढायची, पण मनाने चांगली असायची. लेखक गायदारचा तिमूर आठवा. आघाडीवर गेलेल्या सैनिकांच्या घरी रात्रीतून गुपचूप लाकडं रचून ठेवणारी, पाणी भरणारी पोरं. १९४० मध्ये त्याच्यावर सिनेमा आला आणि देशभर मुलांनी तशा टोळ्या काढल्या. मुलांसाठीच्या गोष्टीचं हे काम! एका पोरीला वीस जण मिळून छळतात हे दाखवून कोणती टोळी निघणार?

नीरजाताई, मी तरी दाखवणार नाही. निदान आठवी होऊ दे.

खवट

अण्णा, तिमूरच्या टोळीला पाणी भरायचा हुकूम कोण देत होतं? तिमूरच. इथे हुकूम लोखंडी बटण देतं. टोळी तीच, म्होरक्या बदलला.

रेवाकाठ

खवट गमतीत बोलून गेला, पण त्यात दम आहे. बिकोवने टोळी वाईट मुलांची केलेली नाही. कामं करून पैसे साठवणारी, एकीने राहणारी, 'सगळ्यांसाठी एक' म्हणणारी ही मुलं आहेत. तिमूरच्या पुस्तकावर वाढलेलीच समजा. एकीचा एवढा अभिमान की एकीतून बाहेर पडलेला म्हणजे गद्दार. मोठ्यांना सिनेमा झोंबला तो ह्यामुळे असणार. व्रात्य पोरं दाखवली असती तर कोणी ब्र काढला नसता.

अवांतर: संगीत सोफिया गुबायदुलिनाचं आहे. विसाव्या शतकातल्या फार मोठ्या संगीतकारांपैकी एक. आणि आपल्याकडच्या लोकांना मजा वाटेल अशी गोष्ट म्हणजे सोव्हिएत 'मोगली'च्या कार्टूनचं संगीतही तिचंच.

बंड्या नं. २

ते मोगली ज्यात बघीरा बाई आहे? आणि काय बाई आहे! डिस्नेचा बघीरा तिच्यापुढे पेन्शनर वाटतो.

मी_ठाणेकर

बघीरा मादी??? किपलिंगला कळवलंय का?

रेवाकाठ

रशियन भाषांतरातच ती मादी झाली होती, कार्टूनवाल्यांनी पुढे चालवलं. पण धाग्याचं काश्मीर करू नका, म्हणजे विषय भरकटवू नका, नीरजा ओरडेल.

ओवी_डोंबिवली

इतके दिवस वाचनमात्र होते, आज लिहावंसं वाटलं.

माझ्यावर पाचवी-सहावीत असा बहिष्कार पडला होता. शाळेचं नाव घेत नाही. कारण अगदी क्षुल्लक, एकीच्या वहीत मी काहीतरी लिहिलं असा संशय. मारहाण वगैरे काही नाही. ठराव एवढाच होता की ओवीच्या डब्यातलं कोणी घ्यायचं नाही आणि तिला आपल्या डब्यातलं द्यायचं नाही. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसणार? मुली गोल करून डबा खातायत, एक जरा बाजूला बसलीय. आई रोज विचारायची, "बटाट्याची भाजी जास्त दिली होती, मैत्रिणींना आवडली का?" आणि मी रोज सांगायची, "हो, संपली." उरलेली भाजी शाळेमागच्या गटारात टाकून यायचे.

म्हणून मला या सिनेमात सगळ्यात खरं काय वाटलं सांगू? जाळपोळ नाही. लेनाचं हसणं. सुरुवातीला ती प्रत्येक टोमण्यावर हसते, त्यांच्या बरोबरीने स्वतःवर हसते. मीही तेच करायचे. आपण हसलो की तो खेळ ठरतो आणि आपणही खेळात आहोत असं वाटतं.

अण्णा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण आठवीपर्यंत थांबू नका म्हणते मी. माझं सगळं सातवीच्या आत उरकलं होतं.

अण्णा_सोलापूरकर

ओवी, तुझा प्रतिसाद वाचून गप्प बसलो. तरी एक विचारतो. तेव्हा हा सिनेमा बघितला असतास तर बरं वाटलं असतं की आणखी भीती वाटली असती?

ओवी_डोंबिवली

माहीत नाही अण्णा. पण आईला दाखवला असता.

वकीलीणबाई

व्यवसायाची सवय म्हणून सांगते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा महाराष्ट्रात आहे, २०१६ चा, लागू झाला २०१७ मध्ये. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जातपंचायतींनी कुटुंबंच्या कुटुंबं वाळीत टाकली त्यातून तो आला. सहावी ब ला तो लागत नाही, घाबरू नका.

पण सिनेमा बघताना मला सारख्या त्या केसेस आठवत होत्या. पद्धत हुबेहूब तीच. आधी आरोप, मग सगळ्यांसमोर विचारणा, मग 'कबूल कर'. कबूल केलं तरी शिक्षा, नाही केलं तर जास्त शिक्षा. आणि पुरावा कोणी मागत नाही. लेनाने फक्त 'मी' म्हटलं आणि काम संपलं, कारण सगळ्यांना कोणीतरी एक हवाच होता.

तिरसिंगराव

पुरावा होता ना! दोन साक्षीदार होते. दीमा बाईंना सांगत होता तेव्हा श्माकोवा आणि पोपोव बाकाखाली लपलेले होते. सगळं ऐकलं आणि गप्प बसले. श्माकोवाला मजा बघायची होती, पोपोव तिच्या शब्दाबाहेर नाही.

आणि खरी आरोपी बाई. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की दीमा बोलला. पण तिचं लग्न ठरलेलं, होणारा नवरा मॉस्कोत, सगळं लक्ष तिकडे. वर्गात एक पोर होरपळतंय आणि बाईंना एक वाक्य बोलायची फुरसत नाही. नंतर आठवतं. नंतर आठवून काय लोणचं घालायचंय?

पिंपळपान

तिरसिंगराव, बाईंवर एवढे तुटून पडू नका. ती वाईट नाही, आनंदात आहे. आनंदात असलेलं माणूस काही बघत नाही, बिकोवला तेवढंच म्हणायचंय असं मला वाटतं.

कुंपणावरचा

दीमाची बाजू कोणीच घेत नाहीये म्हणून मी घेतो. नीरजाताई रागावू नका.

दीमा भित्रा आहे असं सगळे म्हणतात. मग आधीचे प्रसंग काय? वाल्का नावाचा मुलगा रुपयाला एक, म्हणजे रुबलला एक, असे भटके कुत्रे पकडून विकतो. दीमा त्याच्या हातातून कुत्रं सोडवतो. नव्या मुलीला सगळे हसत असताना तिच्या शेजारी जाऊन बसतो. पैसे भीक न मागता काम करून मिळवू ही कल्पनाही त्याचीच. बाईंना खरं सांगतो तेही खोटं बोलवत नाही म्हणून. या मुलाला भित्रा कसं म्हणायचं?

मला वाटतं तो शूर आहे, पण प्रेक्षक आपल्या बाजूचे असतील तेव्हाच. कुत्रं सोडवताना सगळा वर्ग कौतुकाने बघत होता. पहिल्यांदा जेव्हा कोणी टाळ्या वाजवणार नव्हतं, तेव्हा त्याला कळलं की आपल्याकडे दुसऱ्या प्रकारची हिंमत नाही. आणि हे बाराव्या वर्षी कळलं. आपल्यातल्या किती जणांना ते ऑफिसात मिटिंगमध्ये कळलं असेल!

एकेक दिवस गेला तसं बोलणं आणखी अवघड होत गेलं. सिनेमा तो भाग फार बारकाईने दाखवतो. प्रत्येक वेळी तो लेनाला सांगतो, उद्या बोलतो.

नीरजा_क

कुंपणावरचा, तुमचा प्रतिसाद वाचून दीमाचा राग कमी नाही झाला, उलट वाढला. वाईट मुलगा असता तर मी सोडून दिलं असतं.

मी_ठाणेकर

मला एक कळलं नाही. आजोबा काय करतात? नातीवर एवढं होतंय आणि ते चित्रं पुसत बसलेत. माझा आजोबा असता तर छत्री घेऊन शाळेत गेला असता.

रेवाकाठ

ठाणेकर, आजोबांना कुठे माहीत आहे? अर्धा सिनेमा लेना त्यांना घडलेलं सांगते आहे. सगळं होऊन गेलंय, तिला गाव सोडायचंय आणि का ते ती तुकड्यातुकड्याने सांगते. पळून जाणं त्यांना सुरुवातीला पटत नाही, घर पिढ्यान्‌पिढ्यांचं. मग ते ऐकत जातात. निकुलिनचा चेहरा फक्त ऐकतानाचा बघा. मध्ये तोंड घालत नाहीत, सल्ला नाही, 'मी सांगतो त्यांना' नाही.

आणि शेवटी काय करतात? घर आणि आयुष्यभर जमवलेली सगळी चित्रं गावाला देऊन टाकतात. ज्या गावाने 'ठिगळ्या' म्हणून हिणवलं त्यालाच. एक चित्र शाळेला जातं, त्यातली मुलगी केस कापलेल्या लेनासारखी दिसते. मुलांना तेव्हा कळतं. फळ्यावर लिहिलेलं असतं, "बुजगावण्या, आम्हाला माफ कर." तोवर ती दोघं बोटीत बसलेली असतात. धक्क्यावर लष्करी बँड वाजतोय, बँडमास्तर स्वतः बिकोव.

खवट

गावाला घर द्यायचं हे मला पटलं नाही. माफी मागायच्या आधी बक्षीस? आमच्या गावाने हिणवलं असतं तर मी जाताना नळाच्या तोट्याही काढून नेल्या असत्या.

अण्णा_सोलापूरकर

खवट, म्हणूनच तुमच्यावर सिनेमा निघत नाही.

बंड्या नं. २

अण्णांना दंडवत 😂

वकीलीणबाई

अण्णा फॉर्मात! मात्र खवट यांचा मुद्दा कायदेशीर दृष्ट्या बिनचूक आहे. तोट्या घरमालकाच्या.

नीरजा_क

ताजी खबर. काल रविवारी लेकीसोबत पहिला भाग बघितला. ओवीचा प्रतिसाद वाचल्यावर थांबवेना. मध्ये थांबवायचं, बोलायचं, असं ठरवून बसले होते. तिने थांबवू दिलं नाही.

तिची मतं इथल्या कोणाशीच जुळत नाहीत. एक, लेनाने मध्ये पडायलाच नको होतं. "तिला कोणी सांगितलं होतं, आई? त्याचं त्याने बघितलं असतं." मी म्हटलं, ती मैत्रीखातर बोलली. तर म्हणे, मैत्रीखातर बोलायचं असतं तर त्याला एकट्याला गाठून बोलायचं. दोन, दीमाचा तिला राग नाही, तो 'नेहमीचाच' आहे. तिचा सगळा राग बाकाखालच्या दोघांवर. "ते तर काहीच हरणार नव्हते ना!"

आणि मग सहज सांगावं तसं सांगितलं की त्यांच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपशिवाय आणखी एक ग्रुप आहे, ज्यात एक मुलगी सोडून सगळे आहेत. मी विचारलं, तू आहेस? "हो, सगळेच आहेत." पुढे मी काही विचारलं नाही, तीही बोलली नाही. दुसरा भाग शनिवारी बघायचं ठरलंय, आणि तिने विचारलंय की तिची एक मैत्रीण आली तर चालेल का. कोण मैत्रीण ते मी मुद्दाम विचारलेलं नाही.

ओवी_डोंबिवली

चालेल म्हणा. खायला काहीतरी चांगलं करा, दोघींना एकाच ताटात.

तिरसिंगराव

पोरगी हुशार आहे. बाकाखालच्यांबद्दल तिचं मत माझ्यासारखंच, म्हणजे 'कोणाशीच जुळत नाही' हे चूक. नोंद घ्यावी.

कुंपणावरचा

'नेहमीचाच आहे' हे दीमाबद्दल ऐकून मला जास्त भीती वाटली. बाराव्या वर्षी मुलांना हे नेहमीचं वाटतंय.

अण्णा_सोलापूरकर

नीरजाताई, दुसऱ्या भागात जाळपोळ आहे, तेव्हा बरोबर बसा, स्वयंपाकघरात जाऊ नका. माझा विरोध मागे घेत नाही, पण ती मैत्रीण येतेय ते बरं वाटलं.

माझा नातू पहिलीत आहे. त्याला दाखवण्यासारखं या बिकोवचं काही आहे का? हे सोडून.

रेवाकाठ

आहे की अण्णा. 'आयबोलीत-६६', जनावरांच्या डॉक्टरची गाण्यांनी भरलेली गोष्ट, त्यात बिकोव स्वतः दरोडेखोर झालाय. आणि १९७० चा 'सावधान, कासव!'. पहिलीच्याच मुलांचा वर्ग, त्यांनी पाळलेलं कासव, आणि त्याची पाठ किती टणक ते बघायला ते रणगाड्याखाली ठेवायचं ठरवणारी दोन दिवटी.

खवट

कासव वाचतं का तेवढं आधी सांगा. मग बघतो.

रेवाकाठ

वाचतं.